सुवार्ताबाईंचा बाक

आमच्या शेजारच्या सुवार्ताबाई लोंढे यांच्या तोंडून 'बिघडलंय' हा शब्द मी कधी ऐकला नाही. मिक्सर जळका वास सोडू लागला, पंखा खडखडायला लागला, कुणाच्या मोबाइलचा आवाज बसला, की लोक वस्तू घेऊन त्यांच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, बिघडलंय ओ." बाई कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढायच्या. "बिघडलं नाही. काहीतरी सांगतंय ते. बसा जरा, ऐकू दे मला."

आणि खरंच त्या कान लावून ऐकायच्या. माझ्या सासूबाईंच्या मिक्सरला त्यांनी असा कान लावला होता की सासूबाई मला तेलुगूत हळूच म्हणाल्या, "ही डॉक्टरीण आहे का काय?" बाईंनी मिक्सरवरून मान न उचलता तेलुगूतच उत्तर दिलं, "डॉक्टरीण नाही, टेलिफोनवाली." सासूबाई दोन दिवस त्यांच्यासमोर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेंगाचटणीची वाटी घेऊन गेल्या आणि पुढं मरेपर्यंत दोघींची मैत्री राहिली.

बाई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. समोर भोकांची भलीमोठी पाटी, हातात वायरी, कानाला हेडफोन. या भोकातली वायर त्या भोकात घातली की सोलापूरचा माणूस मुंबईच्या माणसाशी बोलणार. अक्कलकोटच्या व्यापाऱ्याशी कानडी, आमच्या विणकरांच्या शेठजींशी तेलुगू, बेगमपेठेतल्या लोकांशी तिथली हिंदी, अशा सगळ्या भाषा त्या त्या पाटीसमोर बसून शिकल्या. पुढं यंत्रं आली आणि पाट्या निघाल्या. बरोबरीच्या बायकांनी बिलांच्या खिडकीवर बदली मागून घेतली. बाईंनी नव्या यंत्राच्या प्रशिक्षणाला नाव दिलं. "त्यानं माझं काम घेतलं," त्या मला सांगत, "मग तो कोण आहे, आत काय आहे, हे मला कळायला नको?"

मी लग्न होऊन रेल्वे लाइनजवळच्या या गल्लीत आले तेव्हा त्या पन्नाशीच्या आसपास असतील. नवरा, लोंढेसर, शाळेत चित्रकला शिकवायचे. ते लवकर गेले. मुलगी नगरला. घरात दोन खोल्या, त्यातली एक बाईंची आणि दुसरी वस्तूंची. खिडकीशी एक टेबल, त्यावर सोल्डरिंगचं हत्यार, मीटर आणि शेजारीच काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल. भिंतीवर डबे. प्रत्येक डब्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: 'स्क्रू लहान', 'स्क्रू मोठे', 'वायर चांगली', 'वायर बरी'. एका डब्यावर लिहिलं होतं, 'कशाचे आहेत माहीत नाही'. तो डबा सगळ्यांत जड होता.

सकाळी चहाच्या आधी त्या शास्त्र वाचायच्या. टॅबवर तीन भाषांतली शास्त्रं त्यांनी उतरवून घेतली होती. एखादा शब्द अडला की तिन्ही उघडून बघायच्या, पण वाचायच्या मात्र त्या काळ्या पुठ्ठ्याच्याच पुस्तकात, कारण समासात लोंढेसरांनी पेन्सिलीनं काढलेली छोटी छोटी चित्रं होती. वाचन झालं की डोळे मिटून पाच मिनिटं प्रार्थना. मग चहा. आणि मग नवी पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काय नवीन आलंय याची चौकशी. त्या दुकानात शिरल्या की मालक स्वतः उठून यायचा, कारण विकणाऱ्यांना त्यांचे प्रश्न झेपायचे नाहीत. "हे काय करतं ते तुम्ही सांगितलंत," त्या म्हणायच्या, "हे कशामुळं करतं ते सांगा."

रविवारी त्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसायच्या. पर्समध्ये गीतांचं पुस्तक, रुमाल, टेस्टर, काळी चिकटपट्टी आणि दोन बॅटऱ्या. "देवाच्या घरी जाताना टेस्टर कशाला, बाई?" मी एकदा विचारलं.

"देवाच्या घरचं वायरिंग माणसांनी केलंय, लक्ष्मी," त्या म्हणाल्या.

ते वायरिंग मी त्यांच्याबरोबर पाहिलंय. त्यांच्या चर्चमधल्या लाउडस्पीकरमधून बरीच वर्षं एक घुंऽऽ असा आवाज यायचा. प्रवचन, गाणी, लग्न, अंत्यविधी, सगळ्यामागं तो घुंऽऽ. शेवटी कमिटीनं सगळा संच नवा घ्यायचं ठरवलं. कमिटीचे सेक्रेटरी जाधवसर, निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. बाईंनी त्यांच्याकडून एका शनिवारची दुपार मागून घेतली आणि मला म्हणाल्या, "शिडी धरशील का?"

मी शिडी धरली. त्या आधी रिकाम्या चर्चमध्ये डोळे मिटून फिरल्या, एकेका स्पीकरखाली थांबून. मग शिडीवर चढल्या, पदर खोचून, साठीला टेकलेली बाई. जाधवसर दारातून ओरडले, "बाई, खाली उतरा! काही झालं तर जबाबदार कोण?"

"तुम्ही नाही, सर. मी लिहून देते," वरून उत्तर.

दोष वर नव्हताच. शेवटी त्यांना तो मागच्या भिंतीशी सापडला. चर्चला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं अर्थिंगची तार सोडवली होती आणि परत जोडलीच नव्हती. तार जोडली, बटण दाबलं, आणि घुंऽऽ गेला. इतकी शांतता झाली की बाहेरच्या कडुलिंबावरच्या चिमण्या आत ऐकू आल्या. बाई तिथंच पायरीवर बसल्या, मान खाली घालून क्षणभर काहीतरी पुटपुटल्या. मग जाधवसरांकडे बघून म्हणाल्या, "आता पाळकसाहेबांचं प्रवचन नीट ऐकू येईल. चांगलं आहे का नाही, तेही कळेल."

जाधवसरांना हसायला आलं, पण त्यांनी हसू दाबलं.

सगळंच असं साधायचं असं मात्र नाही. आवाजावर चालणारे दिवे नवीन आले, त्या वर्षी नाताळच्या नाटकासाठी बाईंनी एक डबी तयार केली. देवदूत झालेली मुलगी 'प्रकाश दे' म्हणाली की वर टांगलेला तारा उजळायचा, आणि डबी बोलून तसं सांगायची. तालमीत सगळं झकास. शेजारी म्हणून आम्हालाही बोलावणं होतं, मी सासूबाईंना घेऊन गेले होते. नाटकाआधी पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. सगळ्यांच्या माना खाली. ते मोठ्या भावनेनं म्हणाले, "हे प्रभू, आम्हा अंधारात चालणाऱ्यांना प्रकाश दे."

वर तारा भक्कन पेटला आणि डबी स्वच्छ आवाजात म्हणाली, "दिवा लावला आहे. आणखी काही हवं का?"

चर्च हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. पाळकसाहेबांनाही आवरेना. जाधवसर तेवढे लालबुंद. बाई आपल्या जागी उठून उभ्या राहिल्या, आणि हसू थांबल्यावर म्हणाल्या, "चूक माझी आहे. त्याला प्रार्थना आणि हुकूम यांतला फरक कळत नाही. मी शिकवायला हवा होता. क्षमा करा."

त्या आठवड्यात जाधवसरांचं पत्र आलं: यापुढं कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय चर्चमध्ये कोणतंही यंत्र आणू नये. बाईंनी ते घडी घालून शास्त्रात ठेवलं. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाल्या. पण त्या वेळी मी त्यांना पहिल्यांदा जरा खचलेलं पाहिलं. महिनाभर टेबलावर कापड टाकलेलं होतं.

ते कापड निघालं योहानकाकांमुळे.

योहानकाका शिरसाट म्हणजे त्या चर्चचे गाण्याचे गुरुजी. चाळीस वर्षं त्यांनी मंडळीला गायला शिकवलं. मंडळी म्हणजे चर्चला येणारे सगळे. बाईंच्या तोंडी तोच शब्द असायचा. काकांचं वय झालं, कान गेले. एका रविवारी गाणं संपलं, सगळे खाली बसले, आणि काका एकटेच उभे राहून गात राहिले, डोळे मिटून, पूर्ण एक कडवं. त्यांना कळलंच नाही. मागं कुणीतरी फिसकन हसलं. बायकोनं हात ओढला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि सगळीकडे बघितलं. पुढच्या रविवारपासून काका चर्चला आले नाहीत. कुणी विचारलं की गुडघे दुखतात म्हणून सांगायचे. कानाचं यंत्र त्यांनी घेतलं होतं, पण चर्चच्या मोठ्या खोलीत त्यातून नुसता गलका ऐकू यायचा, म्हणून ते कपाटात गेलं.

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या काकांवर नाही, स्वतःवर चिडल्या होत्या. "मी आयुष्यभर काय केलं? लांबचा आवाज माणसाच्या कानाशी नेऊन सोडला. आणि माझ्यासमोर वीस फुटांवर माणूस बहिरा बसलाय, आणि मी तारे पेटवत बसले!"

त्यांची कल्पना सोपी होती. पहिल्या रांगेच्या बाकाला सहा भोकं पाडायची, प्रत्येक भोकात हेडफोनची खोबण, शेजारी आवाज कमीजास्त करायची चावी. माइकमधला आवाज वायरीनं थेट तिथं. मधे खोली नाही, घुमणं नाही, गलका नाही. ज्याला कमी ऐकू येतं त्यानं तिथं बसावं. त्यांनी रीतसर अर्ज केला, चित्रासकट.

कमिटीनं तो नाकारला. बाक जुने, सागवानी, कुणाकुणाच्या स्मरणार्थ दिलेले. प्रत्येकावर पितळी पट्टी. जाधवसर म्हणाले, "ज्यांच्या नावानं हे बाक दिलेत, त्यांच्या घरच्यांना मी काय सांगू? भोकं पाडली म्हणून?" आणि खरं सांगायचं तर त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं.

तीन दिवसांनी आमच्या गल्लीत महबूबभाई सुताराची हातगाडी आली. मला वाटलं, बाई काही सामान मोडीत काढतायत. आत गेले तर त्यांचा मोठा पलंग सुटा करून ठेवलेला. लग्नातला, सागवानी, डोक्याकडच्या पाटीवर लोंढेसरांनी स्वतः कोरलेली वेल. महबूबभाई त्या वेलीवरून हात फिरवत उभे होते.

"क्या बाई, ऐसी लकडी पे हाथ नक्को लगाव बोलता जी," ते म्हणाले. "दुसरी लाता ना मैं."

"महबूबभाई, पलंग दोघांचा आहे. झोपणारी मी एकटी," बाई म्हणाल्या. "सहाजणांना बसायला होईल एवढा बाक करा. वेल पाठीला येऊ दे."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी मला हातानं थांबवलं. "लक्ष्मी, चहा कर सगळ्यांना."

बाक झाला, इतर बाकांच्याच उंचीचा. पाठीवर वेल. समोरच्या फळीला सहा खोबणी, सहा चाव्या, आणि प्रत्येकीखाली त्यांच्या अक्षरात मोठे आकडे, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतील असे. त्यांनी परत अर्ज केला: कै. लोंढेसरांच्या स्मरणार्थ एक बाक अर्पण करावयाचा आहे. जाधवसर स्वतः बघायला आले. बाकाभोवती दोनदा फिरले, वेलीपाशी थांबले. लोंढेसर त्यांच्याच शाळेत होते. "हे सरांच्या हातचं आहे," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "हो." जाधवसरांनी तिथंच उभ्या उभ्या सही केली.

पण बाक आला म्हणून काका येत नाहीत. ते म्हणाले, "सगळ्यांसमोर डोक्यावर ते टोपडं घालून बसू? नको." इतर म्हाताऱ्यांनाही संकोच. मग बाई स्वतः त्या बाकावर बसू लागल्या. त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट होते, तरी दर रविवारी हेडफोन लावून, ताठ, पहिल्या रांगेत. लोकांना वाटलं, बाईही बहिऱ्या झाल्या. त्यांनी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. तिसऱ्या रविवारी एक आजी शेजारी येऊन बसल्या, चौथ्याला अजून दोघी.

आणि मग एका संध्याकाळी त्या बॅटरीवर चालणारा, माइक आणि हेडफोन जोडलेला एक लहान डबा घेऊन काकांच्या घरी निघाल्या. मला म्हणाल्या, "चल. तू अनोळखी आहेस, तुझ्यासमोर ते नाही म्हणणार नाहीत." मी गेले. काकांनी आमच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि सुस्कारा सोडून हेडफोन लावून घेतला. बाईंनी माइक उचलला आणि स्वतः काही न बोलता स्वयंपाकघरात काकूंच्या पुढं नेऊन धरला. काकू घाबरल्या. रोज जे बोलायच्या तेच बोलल्या, पण ओरडून नाही, कारण बाईंनी तोंडावर बोट ठेवून हळू बोलायची खूण केली होती.

"अहो, चहा टाकू का?"

बाहेर काका एकदम ताठ बसले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मी समोरच होते. त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "हिचा आवाज इतका म्हातारा कधी झाला?"

काकू दारात आल्या. त्यांनी माइक बाईंच्या हातून घेतला आणि तो तोंडाशी धरून म्हणाल्या, "तुमच्यावर ओरडून ओरडून." आणि दोघंही हसायला लागली, हसता हसता काकू पदरानं डोळे पुसायला लागल्या. सुवार्ताबाई वळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभ्या राहिल्या. मीही तेच केलं. दोघींनी मिळून एवढ्या लक्षपूर्वक कॅलेंडर आम्ही आयुष्यात कधी वाचलं नसेल.

त्या रविवारी मी मुद्दाम चर्चला गेले, मागं बसले. काका आले, चौथ्या आकड्यासमोर बसले, हेडफोन लावला. गाणं सुरू झालं. काका गायले, आणि शेवटच्या सुरावर सगळ्यांबरोबर थांबले. अगदी बरोबर. मग त्यांनी हेडफोन काढला, मागं वळले आणि गाणाऱ्यांच्या रांगेकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "पुरुषांची बाजू बेसूर आहे. किती दिवस चाललंय हे?"

त्या आठवड्यापासून काकांनी तालमी परत सुरू केल्या.

दोन वर्षांनी जाधवसरही त्या बाकावर येऊन बसले. बाई शेजारीच होत्या. त्यांनी फक्त हेडफोन पुसून त्यांच्या हातात दिला आणि चावी कुठल्या बाजूला फिरवायची ते दाखवलं.

मी हे कितीजणांना सांगितलंय त्याला गणती नाही. मी शिकवते त्या शाळेत मुलींना सांगते. आमच्या नात्यातल्या, पाहुण्यांतल्या लोकांना सांगते. सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, जणू तो बाक मीच केला. मी फक्त शिडी धरली होती आणि चहा केला होता. पण शेजारच्या घरात असं माणूस राहत होतं, आपल्या भिंतीला त्यांची भिंत लागून होती, याचा अभिमान वाटायला आणखी काही लागत नाही.

बाई गेल्या वर्षी नगरला मुलीकडे असताना वारल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, उठल्या नाहीत. मला वेळेत पोचता आलं नाही. म्हणून माझ्या मनात त्यांची शेवटची आठवण आहे ती नगरची नाही, सोलापूरच्या एसटी स्टँडवरची, त्याच्या दोनेक महिने आधीची.

बाकाची बातमी बाहेर गेली होती. मैंदर्गीहून तिथल्या लहानशा मंडळीनं बोलावणं पाठवलं होतं, आमच्याकडेही पाच-सहा म्हातारी आहेत म्हणून. मी बाईंना स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्यात तो बॅटरीचा डबा. मी डबा घ्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. मला याचं वजन कळलेलं बरं."

त्या खिडकीशी बसल्या. शेजारी एक धनगर म्हातारा, खांद्यावर घोंगडी, पायाशी काठी. त्यानं डब्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, तरी नाही. तो नुसता हसून मान हलवत राहिला, ऐकू न येणारी माणसं हलवतात तशी.

बाईंनी लगेच डबा मांडीवर घेतला. त्याला मुंडासं काढायला लावलं. हेडफोन त्याच्या पांढऱ्या केसांवर बसवला, चावी फिरवली, माइक तोंडाशी धरला आणि काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मला बाहेर ऐकू आलं नाही. बस सुरू झाली होती, कंडक्टरनं घंटी मारली होती. म्हाताऱ्याचा चेहरा आधी भांबावला, मग उघडत उघडत गेला. त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला आणि सगळा स्टँड वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "ऐकू येतंया की! समदं ऐकू येतंया!"

बाईंनी त्याला मान हलवून दाद दिली आणि पुढचं वाक्य बोलायला लागल्या. बस वळली. त्यांचं मला हात करायचं राहून गेलं.